तास नाही, तर पैसा नाही

करोनाच्या काळात कोणाचं काम गेलं, असं विचारलं की डोळ्यांसमोर वीटभट्टीवरच्या बाया येतात, धुणीभांडी करणाऱ्या येतात. कॉलेजातल्या मॅडम येत नाहीत. एम.ए., नेट-सेट, एखादीची पीएच.डी. झालेली, तिला कसली ददात, असं आपणही धरून चालतो. पण आमगाव-सालेकसा भागात बचत गटांच्या कामाला फिरताना २०२०-२१ मध्ये कर्जाचा हप्ता थकलेल्यांत अशा मॅडमही भेटल्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या होत्या.

तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे. नेमणूक सहसा नऊ महिन्यांची. उन्हाळ्यात नाव कटतं, जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. २०१८ च्या शासन निर्णयानुसार पदवी वर्गाच्या एका तासाला ५०० रुपये ठरले होते. आठवड्याला नऊ तास मिळाले, तरी महिन्याचे अठरा हजार होतात. सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग त्यातून वजा. तेही बिल मंजूर होईल तेव्हा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १५०० रुपये सुचवले होते, हे इथे लक्षात ठेवावं.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवी भरती थांबवली. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ३५८० सहायक प्राध्यापक पदांपैकी २०८८ पदं भरायची राहिली होती, ती अडकली. त्यांना पुन्हा मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. विनाअनुदानित तुकड्यांचं दुखणं वेगळं. तिथे पगार फीमधून निघतो, आणि धानाच्या शेतीवर व मजुरीवर जगणाऱ्या घरांकडे त्या वर्षी फी भरायला पैसा नव्हता. प्रथम वर्षाचे वर्ग आयोगाच्या वेळापत्रकाप्रमाणे नोव्हेंबरवर गेले. एरवी दोन-तीन महिन्यांची बिनपगारी आता अर्ध्या वर्षाची झाली.

सरकारची तिजोरी आटली होती, दवाखान्यांना आधी पैसा हवा होता, हे खरं आहे. त्यावर आमचा वाद नाही. कायम प्राध्यापकांचा पगार चालू राहिला, तो राहायलाच हवा होता. प्रश्न असा, की काटकसर नेमकी कोणाच्या ताटातून झाली? जिच्या हातात कायमचा कागद नव्हता तिच्या. साथीने ही असुरक्षितता आणली नाही. ती आधीपासून होती. साथीने तिच्यावरचं पांघरूण काढलं.

यात बाईचं नुकसान दुहेरी आहे. 'नवऱ्याचं घर चालतंच आहे, हे तिचं वरखर्चाचं', ही समजूत घरात असते, तशी संस्थेच्या कार्यालयातही. घरात मोबाइल एक, त्यावर पोरांची शाळा आणि हिचा वर्गही. बाळंतपण आलं तर पुढच्या जुलैत नाव येईल याची खात्री नाही. खरं तर २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूती लाभ द्यावा लागेल असं सांगितलं. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला, तो वर्गात शिकवणारीला मागताना भीती वाटते, कारण मागितला तर पुढच्या वर्षी तासच मिळणार नाहीत.

'मानधन' या शब्दाशीही आपला जुना झगडा आहे. अंगणवाडी सेविका, आशा यांनाही पगार नाही, मानधनच. मान देऊन धन टाळण्याची ही युक्ती. पण आशा जून २०२१ मध्ये राज्यभर संपावर गेल्या आणि वाढ मिळवली. तासिकेच्या मॅडमना मात्र आपण कामगार आहोत हे म्हणायलाच संकोच वाटतो. शिक्षणाने दिलेला हा संकोच फार महागात पडतो.

२०२३ मध्ये पदवीच्या तासाचा दर ९०० रुपये झाला. दर वाढला, पण नेमणुकीची तऱ्हा तीच राहिली. पुढची साथ, पूर किंवा दुष्काळ आला की पुन्हा तिचाच तास बुडेल.

म्हणून मैत्रिणींनो, संघटनांनी हा प्रश्न 'शिकलेल्यांचा' म्हणून बाजूला ठेवू नये. आपापल्या तालुक्याच्या कॉलेजात अशा किती जणी आहेत याची यादी करा. मागण्या साध्या आहेत: नेमणूक बारा महिन्यांची, मानधन दरमहा, बाळंतपणाची रजा पगारासह, कॉलेज सरकारी आदेशाने बंद राहिलं तर त्या काळाचेही पैसे, आणि रिकामी पदं कायमची भरणं. दर ३ जानेवारीला कॉलेजांतून सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतो. त्या दिवशी भाषण करणाऱ्या मॅडमना एवढंच विचारा, डिसेंबरचं मानधन मिळालं का?