बोटांवरची माया

दोस्तांनो, शिंपीकाकांकडे नवा शर्ट किंवा फ्रॉक शिवायला टाकला, की आई एक सूचना हमखास देते, "आत थोडी माया ठेवा हं." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढच्या वर्षी तुम्ही अंगानं भरलात, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. कपडा पुन्हा अंगाला बरोबर!

आता जरा तुमचं मधलं बोट बघा. सरळ ठेवा. मधल्या सांध्यावर, वरच्या बाजूला, आडव्या सुरकुत्या दिसतात ना? तिथली कातडी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून बघा. अगदी सहज उचलली जाते. आता घट्ट मूठ आवळा. कुठे गेल्या सुरकुत्या? बोट वाकलं तेव्हा वरच्या बाजूला जास्त कातडी लागली, आणि ती या सुरकुत्यांनी पुरवली. निसर्गानं तुमच्या प्रत्येक सांध्यावर अशी माया ठेवली आहे, म्हणून तर तुम्ही लेखणी धरता, चेंडू झेलता, बुटाची नाडी बांधता.

आणि ही माया संपली तर?

आठवीतल्या एका मैत्रिणीनं या सदराला पत्र लिहिलंय. नाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून छापत नाही. तिच्या आईला स्क्लेरोडर्मा नावाचा आजार आहे. तळवा सपाट होत नाही, म्हणून आईला भाकरी थापता येत नाही. मुलीची वेणी घालताना पेड हातातून निसटतात. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम दिलेत, पण आई ते चार दिवस करते आणि सोडून देते. म्हणते, "एवढ्याशानं काय होणार आहे?" पत्राच्या शेवटी मुलीनं विचारलंय, "मीच रोज आईची बोटं ओढून सरळ केली तर चालेल का?"

नाही चालणार. हे आधीच सांगून टाकतो. पण नुसतं 'नाही' म्हणून तिच्यासारख्या मुलीचं समाधान व्हायचं नाही, तेव्हा सगळं नीट समजून घेऊ.

स्क्लेरोडर्मा हे नाव ग्रीक शब्दांवरून आलंय. त्याचा साधा अर्थ कडक कातडी. इटलीतल्या नेपल्स शहरातल्या कार्लो कुर्झिओ या डॉक्टरांनी १७५३ साली अशा आजाराचं वर्णन छापलं होतं, म्हणजे आजार काही नवा नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. या आजारात ती चुकून आपल्याच शरीराच्या मागे लागते. मग काय होतं, की कातडीला बळकटी देणारे कोलॅजेनचे धागे गरजेपेक्षा फार जास्त तयार होतात. कातडी जाड होते, ताठ होते, खालच्या भागाला चिकटल्यासारखी होते. सांध्यांवरच्या सुरकुत्याही नाहीशा होतात. चिमटीत धरायला गेलं, तर काही हातीच लागत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार जास्त होतो, आणि बहुतेक वेळा तो तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. मुलांमध्येही दिसतो, पण त्यांच्यात बहुधा कातडीचा एखादा पट्टा किंवा चट्टा कडक होतो. मोठ्यांमध्ये फुप्फुसं, अन्ननलिका, मूत्रपिंडं यांनाही त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांची औषधं आणि तपासण्या कधीही बंद करायच्या नाहीत.

आणि हो, हा आजार संसर्गाचा नाही. आईचा हात हातात घेतल्यानं, तिच्या ताटात जेवल्यानं तो कुणालाही होत नाही. शेजारपाजारच्या मोठ्या माणसांनाही हे सांगून ठेवा, कारण गैरसमज मुलांपेक्षा तेच जास्त पसरवतात.

आता हाताकडे वळू. कडक होणारी कातडी हाताला आपल्या मर्जीनं ओढत असते, आणि तिची ओढ बहुधा ठरावीक असते. मूठ आवळल्यावर टेकड्यांसारखे वर येतात ना, ते बोटांच्या बुडाचे सांधे वाकेनासे होतात. बोटांचे मधले सांधे याच्या उलट, वाकलेलेच राहतात. अंगठा तळव्याकडे खेचला जातो. हळूहळू हात पक्ष्याच्या पंजासारखा दिसू लागतो. म्हणजे व्यायाम कसा हवा? बरोबर, कातडीच्या ओढीच्या उलट दिशेचा! बुडाचे सांधे वाकवायचे, मधले सांधे सरळ करायचे, अंगठा बाहेर उघडायचा. एवढं ध्यानात आलं, की प्रत्येक व्यायामाचा अर्थ लागतो.

सुरुवात उबेनं करायची. कोमट पाण्यात हात थोडा वेळ ठेवायचे, पुसायचे आणि खोबरेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम चोळायचं. पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आधी बघावं. काही रुग्णालयांत यासाठी वितळवलेल्या मेणात हात बुडवतात. स्वीडनमध्ये २००४ साली १७ रुग्णांवर एक छान तुलना प्रसिद्ध झाली. प्रत्येकाच्या एका हाताला मेण आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम. महिन्याभरानं मेणाचा हात पुढे होता. पण म्हणून घरी गॅसवर मेण वितळवायला जाऊ नका हं! त्याचं तापमान सांभाळणं हे जाणत्याचं काम आहे.

मग एक हात टेबलावर पालथा ठेवायचा, आणि दुसऱ्या हातानं एकेका बोटाचा मधला सांधा हलके हलके दाबून टेबलाकडे न्यायचा. ताण जाणवला, की तिथेच थांबून दहा अंक मोजायचे, सावकाश. मग सोडायचं. पुढे बुडाचे सांधे. दुसऱ्या हातानं त्यांना वाकायला मदत करायची आणि पुन्हा दहापर्यंत मोजायचं. मुठीसाठी घरातल्याच वस्तू घ्या. आधी लाटणं धरायचं, ते जमलं की चमच्याची जाड मूठ, मग पेन्सिल. अंगठ्यासाठी पेला उत्तम. पेल्याला कवेत घेताना अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली खाच उघडते. अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावायचं, बोटं पंख्यासारखी फाकवायची, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायची. आणि शेवटी नमस्कार! तळवे, बोटं, सगळं जमेल तेवढं एकमेकांना टेकवायचं आणि कोपरं थोडी वर उचलायची. ज्या हातांची बोटं वाकली आहेत, त्यांच्या नमस्कारात मध्ये फट राहते. ही फट डॉक्टरही मुद्दाम बघतात.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. एवढ्याशानं काय होणार? जपानमधल्या डॉक्टरांनी हेच तपासलं. २००६ साली त्यांनी ४५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या रुग्णांना एकेक बोट आपलं आपण ताणायला शिकवलं होतं. प्रत्येक ताण दहा सेकंद, तीन ते दहा वेळा, रोज, घरच्या घरी. महिन्याभरात बोटांची हालचाल वाढली, आणि वर्षभर व्यायाम चालू ठेवल्यावर ती टिकली. रुग्ण थोडे होते हे खरं. व्यायामानं आजार जात नाही हेही खरं, आणि तो मुळापासून घालवणारं औषध अजून सापडलेलं नाही. पण हात जेवढा उघडतो तेवढा उघडता ठेवणं, ही कमाई लहान आहे का? पेला धरता येणं आणि न येणं यांत कधी कधी बोटभर जागेचाच फरक असतो. चार दिवस व्यायाम करून मात्र हे कळायचं नाही. फरक दिसला तो महिन्यानं.

मग मुलांनी बोटं का ओढायची नाहीत? कारण ताण किती बसतोय हे फक्त आईलाच आतून कळतं. तिचा दुसरा हात वेळेवर थांबतो, तुमचा थांबणार नाही. वाकलेल्या सांध्यावरची कातडी पातळ आणि ताणलेली असते. झटका बसला तर ती फाटते, आणि या आजारात रक्तपुरवठा कमी असल्यामुळे जखम भरायला फार दिवस लागतात. बोटाच्या टोकाला जखम असेल, सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, तर त्या बोटाचा व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. ताण जाणवणं ठीक, पण कळ येणं ठीक नाही.

मुळात कुणाला कोणते व्यायाम, हे ठरवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. आजारातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे शिकवणारी ही विद्या आहे. आपल्याकडे तिचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झालं, आणि ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन होत्या! लग्न होऊन त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. थेरपिस्ट बोटांचे कोन मोजतात, तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच भाऊ म्हणावं अशा साधनानं. स्वीडनमध्ये २००० साली हात तपासण्याची एक पद्धत निघाली. त्यात नऊ हालचालींना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. पेन्सिलीभोवती चारही बोटं मिटली तर ०, चमच्याच्या जाड मुठीभोवती मिटली तर १, सायकलच्या मुठीभोवतीच मिटली तर २, आणि तीही जमली नाही तर ३. शून्य मिळवणारा पहिला, अशी ही एकमेव परीक्षा असावी!

घरातल्या मुलांसाठी इथे खरं काम आहे. एक वही करा. दर रविवारी, व्यायामानंतर, आईला हात पूर्ण फाकवायला सांगा आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टीनं मोजा. म्हणजे आईची वीत! मग तिला मूठ मिटायला सांगा, आणि मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून किती मिलिमीटर दूर राहतं ते मोजा. दोन्ही आकडे तारखेसह लिहा. व्यायामाच्या वेळी दहा अंक मोजायचं कामही तुम्हीच घ्या, मात्र घाई न करता. आणि तुमचेही हात तिच्याबरोबर चालू द्या. एकटीनं करण्यापेक्षा दोघांनी केलेलं बरं.

थंडीत जास्त जपा. या रुग्णांची बोटं गारठ्यानं आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाली की लाल होतात. पॅरिसच्या मोरिस रेनो या डॉक्टरांनी १८६२ साली हा प्रकार नोंदवला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. थंड पाण्यात भांडी विसळणं, फ्रीजमधून भाजी काढणं, ही कामं घरातल्या दुसऱ्यांनी उचलावीत. हातमोजे तर हवेतच, पण अंगात स्वेटरही हवा, कारण सगळं अंग गारठलं तरी बोटं पांढरी पडतात. उलथनं, झारा यांच्या दांड्यांना जुनं कापड गुंडाळून त्या जाड केल्या, की धरायला सोप्या जातात.

आणि ती वही पुढच्या तपासणीला सोबत न्या. वीत सलग काही आठवडे आखडताना दिसली, तर तारखेची वाट न बघता आधीच जा.