भायखळ्याचा बाजार ते मंत्रालय : हिशेब कोण मागणार?

छगन भुजबळ हे नाव काढलं की आपल्या पोरांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बहुजनांचा वाघ. दुसरा म्हणतो, सोड रे, मूळचं सेनेचंच बियाणं. दोघंही भाषणं ऐकून बोलतात. मला भाषणात रस नाही. माणूस वॉर्डातून मंत्रालयात कसा पोचतो आणि चढताना कुणाच्या खांद्यावर पाय ठेवतो, एवढंच मला बघायचंय.

भायखळ्याच्या बाजारात भाजी विकणारा माळ्याचा पोरगा १९७३ साली शिवसेनेचा नगरसेवक झाला. वाचायला सोपं. पण वस्तीत वाढलेल्याला विचारा नगरसेवक काय चीज असते ते. नळाचं पाणी, तुंबलेलं गटार, संडासाची रांग, चौकीत अडकवलेलं पोरगं. मंत्री पाच वर्षांतून एकदा हात हलवत जातो. नगरसेवक रोज दारात. ही ओळख हीच त्याची पुंजी. पुढं १९८५ साली भुजबळ महापौर झाले, त्याच साली माझगावचे आमदार. शिडी पक्की लागली.

आता १९८८ आठवा. बाबासाहेबांच्या 'रिडल्स'वरून महाराष्ट्र तापला होता. आपली माणसं मुंबईत रस्त्यावर उतरली, हुतात्मा चौकात जमली. ती गेल्यावर त्या चौकाचं शुद्धीकरण झालं. करणारे कोण? हेच भुजबळ! १९२७ साली महाडात आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो तेव्हा सनातन्यांनी तळं शुद्ध करून घेतलं होतं. एकसष्ट वर्षांनी तोच विधी भर मुंबईत. आणि करणारा भट नव्हता, जोतीरावांच्या जातीत जन्मलेला पुढारी होता. व्यवस्था अशीच चालते दोस्तहो. घाण काम ती स्वतःच्या हातानं करत नाही.

मग गडी बदलला. १९९० साली विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींना गेलं. मंडल आयोगाला सेनेचा विरोध. १९९१ साली भुजबळांनी सेना सोडली, काँग्रेसमध्ये गेले, १९९२ साली समता परिषद काढली. फुले आता ओठावर आले. मंडलच्या बाजूनं ते उभे राहिले हे खरं, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९९७ साली शिवसैनिकांनी त्यांच्या बंगल्यावर हल्ला केला. हे नाकारणारा खोटारडा. पण डोळे कधी उघडले? स्वतःची वाट अडली तेव्हा. हुतात्मा चौकात आपला अपमान झाला तेव्हा ते शांत झोपले असतील.

त्याच १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी आपली दहा माणसं मारली. युतीचं सरकार होतं. भुजबळ विधान परिषदेत विरोधी पक्षनेते. १९९९ ला सत्ता फिरली आणि भुजबळ उपमुख्यमंत्री झाले, गृहखातंही त्यांच्याकडंच. २००० च्या जुलैत त्यांच्या पोलिसांनी बाळ ठाकऱ्यांना अटक केली. देशभर गाजावाजा. कोर्टानं मुदत उलटली म्हणून त्याच दिवशी सोडून दिलं. आणि रमाबाई नगर? तिथल्या गोळीबाराबद्दल फौजदाराला जन्मठेप झाली ती २००९ साली. गुन्हा घडल्यापासून बारा वर्षांनी. त्यातली चार वर्षं गृहखातं कुणाकडं होतं, बोटं मोजा.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००३ साली तेलगी प्रकरणात राजीनामा. २०१६ साली ईडीची अटक, दोन वर्षं तुरुंग, २०१८ ला जामीन. महाराष्ट्र सदनाच्या खटल्यातून २०२१ साली कोर्टानं दोषमुक्त केलं, तेही सांगितलंच पाहिजे. साखर कारखाने गिळून ढेकर न देणाऱ्या पाटलांना कुणी हात लावत नाही, माळ्याला मात्र लगेच आत टाकतात, हाही मुद्दा खरा. २०२३ साली अजित पवारांबरोबर सत्तेत, २०२४ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाबाहेर, मे २०२५ मध्ये परत शपथ.

आणि मतदारसंघ कुठला? येवला! १९३५ साली बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जिथं सांगितलं ते येवला. २००४ पासून ते तिथून निवडून येताहेत. ज्यानं हुतात्मा चौक शुद्ध केला तो मुक्तिभूमीचा आमदार. नियतीबियती काही नाही, ही मतांची गोष्ट आहे. आपली मतं लागतात, आपण देतो, आणि पावती मागत नाही.

म्हणून म्हणतो, माझं भांडण एकट्या भुजबळांशी नाही. उद्या आपल्याच वस्तीतलं पोरगं नगरसेवक होईल. निळा झेंडा हातात, तिकीट दुसऱ्याचं. आज ते गटारासाठी भांडेल, उद्या पक्ष सांगेल ते करेल. त्याला पहिल्याच पायरीवर धरा. चाळीच्या बैठकीत उभं करा आणि विचारा, बाबा, तुझ्या पक्षानं उद्या आम्हाला बाटगं ठरवलं तर पाण्याची बादली तू उचलणार की लाथाडणार? उत्तर मिळेपर्यंत त्याचा बॅनर बांधू नका.

जयभीम.