कूलर आणि कूलंट

मंडळी, उन्हाळा लागला की विदर्भात घरोघरी एक ठरलेलं काम सुरू होतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, नव्या ताट्या बसतात, आणि रोज टाकीत पाणी भरण्याची पाळी घरातल्या कुणाच्या तरी नशिबी येते. कूलर पाणी पितो, आपण भरतो. यात वावगं काहीच नाही, कारण पाण्याची वाफ होते म्हणूनच कूलरची हवा थंड लागते.

घोटाळा होतो तो पुढे. हीच सवय आपण अंगणातल्या चारचाकीला लावतो. "गाडी गरम होते? टाका पाणी!" महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा कमी झालं, पुन्हा टाका. माझं स्पष्ट मत असं की, ही गाडीची देखभाल नव्हे, दुखणं झाकून ठेवणं आहे.

कारण गाडीचा कूलंट कूलरच्या पाण्यासारखा खर्च होण्यासाठी नसतोच मुळी. ती बंद व्यवस्था आहे. कूलंट इंजिनातली उष्णता घेतो, रेडिएटरमध्ये जाऊन ती वाऱ्याला देतो आणि परत इंजिनात येतो. तेच ते फिरत राहतं. तापल्यावर त्याचं आकारमान वाढतं, तेव्हा जास्तीचा भाग शेजारच्या प्लास्टिकच्या टाकीत जातो आणि इंजिन निवलं की परत ओढला जातो. चांगल्या गाडीत पातळी महिनोन्‌महिने जवळपास जागची हलत नाही. ती वरचेवर खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. पाइप चिरला असेल, क्लिप सैल झाली असेल, वॉटर पंप पाझरत असेल, रेडिएटरला बारीक भोक पडलं असेल, किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे हेड गॅस्केट गेलं असेल. घरात कुणाला महिनाभर ताप येत असेल तर आपण रोज फक्त क्रोसिन देत बसतो का हो?

पाणी टाकण्याची सवय आली कुठून, तेही समजून घ्यायला हवं. अँबेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात डिकीत पाण्याचा डबा असायचाच. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत जास्तीचं पाणी एका नळीतून सरळ रस्त्यावर सांडून जायचं, त्यामुळे भरत राहणं भागच होतं. एसटीचे ड्रायव्हरही स्टँडवर बादली घेऊन रेडिएटर भरताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. पद्मिनी २००१ च्या सुमारास बंद झाली, अँबेसेडर २०१४ साली. गाड्या गेल्या, सवय मात्र राहिली.

आमच्याकडे आणखी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. "गुरुजी, ते कूलंट बर्फाच्या मुलखातलं जी. आपल्याकडे पाणीच बरं, काही होत नाही." यात अर्धं सत्य आहे. कूलंटमधला मुख्य पदार्थ म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, आणि थंड देशांत तो पाणी गोठू नये म्हणूनच घालतात. शिवाय नुसतं पाणी या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, हेही खरं. पण उरलेलं अर्धं सत्य आपल्या कामाचं आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, तर निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण १०७ अंशांच्या आसपास. त्यावर रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवतं, म्हणजे प्रेशर कुकरचाच न्याय, आणि मग हा आकडा सव्वाशेच्या वर जातो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा हवेत, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि पुढे ट्रकांची रांग, तेव्हा हेच जास्तीचे अंश उपयोगी पडतात. आपल्याला गोठण्याची भीती नाही, उकळण्याची आहे. बाटली तीच, कारण वेगळं.

दुसरी गोष्ट क्षारांची. कूलरच्या जाळीवर मे महिन्यात पांढरा थर धरतो, तो आपल्या विहिरी-बोअरवेलच्या पाण्याचा. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला तर काय होईल याची कल्पना करा. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यंही असतात. पाणी टाकत गेलं की ती पातळ होत जातात आणि आतून गंज सुरू होतो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलाच कूलंट घ्यावा. बाजारात तयार मिश्रणही मिळतं. घट्ट द्रावण आणलं तर त्यात डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावं, नुसतं घट्ट ओतू नये. आणि हिरवा, गुलाबी, निळा या रंगांवर भरवसा ठेवू नये. रंग सारखा म्हणजे माल सारखा, असं नसतं.

आता पाहायचं कसं? याला मेकॅनिक लागत नाही. सकाळी इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडा. अर्धपारदर्शक टाकीवर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा दोन रेघा असतात. पातळी त्यांच्या मध्ये असली की झालं. मिनच्या खाली असेल तर टाकीत त्याच प्रकारचा कूलंट घाला, मॅक्सच्या वर नाही. पंधरवड्यातून एकदा हे दोन मिनिटांचं काम. पातळी कुठे होती ते कॅलेंडरवर पेन्सिलीने टिपून ठेवा, म्हणजे दूधवाल्याच्या हिशेबासारखं सगळं समोर राहील. पुन्हा कमी झाली की गळती शोधायला गॅरेज गाठायचं.

गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतला दाब एकदम सुटला की उकळतं पाणी तोंडावर येतं. कुकरची शिट्टी पडल्यावर लगेच झाकण ओढायचं नाही हे घरातल्या पोरीबाळींना आपण शिकवतो, पण रस्त्यावर गाडी उकळली की मोठी माणसं रुमाल गुंडाळून तेच करायला धावतात! गाडी तापली तर कडेला घ्या, बंद करा आणि निवू द्या. अगदी निरुपाय असेल तर निवल्यावर साधं स्वच्छ पाणी घालून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तो तात्पुरता उपाय आहे, पुढे व्यवस्था धुवून नवा कूलंट भरायचाच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आणि ती बाटली पोरांच्या नि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. त्याचंच भावंड डायइथिलीन ग्लायकॉल औषधात शिरल्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, आणि २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यातली वीसहून जास्त लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली. तेव्हा जुना कूलंट नालीत ओतणंही नको. आपला जिल्हा तलावांचा आहे.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढ्याशा टाकीसाठी एवढा लेख? सांगतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. साकोली, लाखांदूरकडून आणखी लांब. आपल्याकडे दुखणं बळावलं की पेशंटला गाडीत घालून नागपूरच गाठतात. त्या दिवशी कुणी बॉनेट उघडून बघत नाही, बघणं शक्यही नसतं. ते आधीच बघितलेलं असावं लागतं. मौद्याच्या अलीकडे भर दुपारी वाफा सोडत उभी असलेली गाडी आणि मागच्या सीटवर छातीत कळ आलेला माणूस... हे चित्र मला नको वाटतं.

खेड्यातला गाडीवान लांबच्या वाटेला निघण्याआधी बैलांना पाणी दाखवायचा, आखाला वंगण घालायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकायचा. त्याला ते कमीपणाचं वाटलं नाही. आपण शिकलेली माणसं मात्र दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूची माळ घालतो आणि ते बॉनेट वर्षभर उचलत नाही. 'ते ड्रायव्हर बघतो' म्हणतो. उत्कलनबिंदू आणि दाब यांचा धडा शाळेत पाठ करून गुण मिळवलेले आपणच ना?

असो. लग्नसराई तोंडावर आहे, नवतप्यातही मुहूर्त निघतातच. नातलगांनो, वऱ्हाड घेऊन निघण्याआधी सकाळी दोन मिनिटं बॉनेट उघडा. आणि घरातल्या लेकी-सुनांनाही त्या दोन रेघा दाखवून ठेवा. स्टिअरिंगवर कोण असेल हे वेळ थोडीच विचारून येते?