आखाड्याची माती

गादी आली, आता मातीच्या आखाड्याचे दिवस सरले, असे पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. हे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. किल्लारीच्या परिसरातील भूमी काळी. ओली झाली की चिकटणारी, सुकली की दगडासारखी होऊन भेगाळणारी. तीत कुस्ती होत नाही. म्हणून तांबडी माती आणावी, चाळावी, तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवावी आणि पुढे रोज फावड्याने उकरावी, तेव्हा कोठे ती पडणाऱ्याची पाठ झेलते. उत्तम आखाडा विकत मिळत नाही. तो रोजच्या हातांनी घडतो. गोल्फ खेळणारे आपल्या आवडत्या हिरवळीची जी थोरवी गातात, तिचेही मर्म रोजची निगा हेच नव्हे काय?

गादीशी आमचे वैर नाही. जागतिक सामने गादीवरच होतात. तिचा सराव हवाच. परंतु याच लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, ते मातीत घडलेले मल्ल होते. मातीने त्यांची वाट अडविली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीची घरे पडली. ती नव्या जागी पुन्हा बांधता आली. आखाडा मात्र एकदा बांधून भागत नाही. फावडे थांबले की माती घट्ट होते, आणि मुलांची पावलेही तिकडे वळेनाशी होतात. गावाने गादी अवश्य आणावी. पण फावडे खाली ठेवू नये.