प्रशिक्षण हवेच, आणि ते आदिवासींकडून

'शिक्षकांना आणखी एक प्रशिक्षण कशाला?' हे आदिवासी विषयाच्या प्रशिक्षणाबद्दलचे पत्र वाचले. शिक्षकांवर कामांचा बोजा आहे, हे खरेच. पण ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला ढोल आणि नाच बसवला की आदिवासी विषय शिकवून झाला, हे पत्रलेखकांचे म्हणणे मला अजिबात पटत नाही. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात जवळपास ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांची मुले पावरी, भिलोरी, मावची बोलत पहिलीत येतात आणि समोरच्या शिक्षकाला त्यातले बहुधा काही कळत नाही. दोष त्याचा नाही, डी.एड.ला त्याला हे कोणी शिकवलेच नाही.

इतिहासाचेही तेच. भिल्ल नायक खाज्या नाईकांचे १८५७चे बंड, आदिवासींच्या जमिनींसाठी लढलेले अंबरसिंग महाराज, १९७२ची श्रमिक संघटना हे आमच्या शहाद्याच्याच वर्गात येणार नसेल, तर कुठे येणार? 'गोधड' या कवितासंग्रहाचे कवी वाहरू सोनवणे याच मातीतले. आणि हे अशक्य नाही: नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी तुटपुंज्या साधनांवर मुलांची बोली वर्गात आणली.

पण नुसता विषय ठरवून भागत नाही. अमेरिकेतील मेन राज्याने तिथल्या मूळनिवासी वाबानाकी जमातींचा इतिहास शिकवणे २००१मध्ये कायद्याने बंधनकारक केले. तरी अनेक शाळांत तो पोहोचला नाही, कारण शिक्षकांची तयारीच नव्हती.

म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शिक्षकांसाठी आदिवासी भाषा-इतिहासाचे प्रशिक्षण वर्ग घ्यावेत. सुट्टीत नव्हे, कामाच्या दिवसांत. देवमोगरा मातेची कथा, काठी गावची होळी, रानातली औषधे जाणणाऱ्या पावरा-भिल्ल स्त्री-पुरुषांना तिथे शिकवायला बोलवावे आणि त्यांना तज्ज्ञांइतकेच मानधन द्यावे.

एक शिक्षिका, शहादा