जहाजावरचा जमाखर्च

गेल्या खेपेस मंडळाच्या हिशेबवहीविषयी लिहिले, तेव्हा दोघा-तिघा वाचकांनी वाटेत गाठून विचारले, ‘दुसऱ्यांच्या वह्या तपासता, तुमच्या घरची वही कधी दाखवणार?’ प्रश्न रास्त होता. म्हणून या खेपेस घरचीच वही उघडतो.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा पुण्यात संगणक कंपनीत नोकरीस आहे. घराण्यातला पहिला इंजिनिअर. 2025 च्या हिवाळ्यात त्याने सगळ्यांना गोव्याला नेण्याचा घाट घातला. आई, बंधू, वहिनी, आम्ही उभयता आणि आमची बारावीतली कन्या असे सहा जण मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीहून निघालो आणि करमळीला उतरलो. पुतण्या पुण्याहून परस्पर पणजीत आला. आमच्या रत्नागिरीतही मांडवी आहे, पण तिथे संध्याकाळी लोक वारा खायला आणि भेळ खायला येतात. पणजीच्या मांडवीत जहाजे उभी आहेत. दिवसभर ती जुन्या इमारतींसारखी मुकाट असतात. अंधार पडला की एकेक पेटू लागते आणि सगळी नदी लाल, निळी, जांभळी होऊन जाते. आईला एका डोळ्याने धड दिसत नाही. ती काठावर उभी राहून म्हणाली, “लग्न कोणाचं रे एवढं?”

लग्न नव्हते, ते कॅसिनो होते. सहलीचे खरे कारणही रात्री जेवताना बाहेर आले. दुसऱ्या दिवशी एका जहाजावर पोकरची मोठी स्पर्धा होती आणि पुतण्याने महिनाभर आधी तिच्यात नाव घातले होते. प्रवेश फी 35,000 रुपये.

वहिनींच्या हातातला घास हातातच राहिला. पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, हा जुगार नाही. मटका वेगळा, हे वेगळं. यात डोकं लागतं.”

काका म्हणून त्याने आमच्याकडे पाहिले, त्याला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या बौद्धवाडीत मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला उठवण्यासाठी आम्ही सभा घेतल्या होत्या. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले, ते विहारात फळ्यावर लिहून काढले होते. जिंकणाऱ्याचे वैर वाढते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, आहे ते धन सरते, सभेत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही, मित्र त्याला हलका लेखतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. हा मुलगा तेव्हा चौथीत होता आणि फळ्यापुढे पहिल्या रांगेत बसला होता. त्याला ते सहाही पाठ आहेत.

तो म्हणत होता ते अगदीच खोटे नव्हते. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकलेले. मग मधोमध पाच पत्ते उघडतात, ते सर्वांचे सामायिक. आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. दर टप्प्यावर बोली वाढवायची, बरोबरी करायची किंवा पत्ते टाकून द्यायचे. हातात काही नसताना समोरच्याला घाबरवून डाव मारता येतो, आणि हातात राजा असूनही मुकाट उठावे लागते. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या 1,326 जोड्या होतात, आणि दोन एक्के हातात येण्याची शक्यता 221 डावांत एकदा. हे सगळे ज्याला तोंडपाठ तो, ज्याला नाही त्याच्यापेक्षा सरस खेळणार, हे उघड आहे. न्यायालयांचेही यावर एकमत नाही. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली जुगारच ठरवले.

पुतण्या आधी हा खेळ मोबाईलवर खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा ती ॲप गुंडाळली गेली. मग त्याला जहाज आठवले. त्याच्या फोनमध्ये एका अमेरिकन माणसाचा फोटो आहे. ख्रिस मनीमेकर. आडनाव खरोखरच मनीमेकर, धंद्याने हिशेबनीस. 86 डॉलरच्या एका लहान ऑनलाइन स्पर्धेतून पुढे सरकत तो 2003 साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत बसला आणि 25 लाख डॉलर घेऊन उठला. त्या वर्षी त्या स्पर्धेत 839 खेळाडू होते. पुढच्या वर्षी 2,576 झाले. पुतण्या म्हणाला, “काका, तो पण तुमच्यासारखा अकाउंटवाला.” खोटे कशाला सांगा, आम्हांला बरे वाटले. बी. कॉम. होऊन इतकी वर्षे व्हाउचरे लावली, कोणी आमची अशी तुलना केली नव्हती.

येथे कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. गोव्याने 1976 साली कायदा केला तो जुगाराला बंदी घालणारा. त्याच 1976 साली महाराष्ट्राने कायदा केला तो कॅसिनोला परवानगी देणारा. पुढे गोव्याने 1992 साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आणि 1996 साली जहाजांवरचा जुगार खुला केला. पत्त्यांची टेबले पाण्यावर तरंगतात ती त्यामुळे. महाराष्ट्राने आपला कायदा कधी अमलात आणलाच नाही आणि 2023 साली तो रद्द करून टाकला. आणखी एक. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी असल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले. आपल्या लेकरांनी त्या पायरीला जाऊ नये एवढे त्यांना कळते. मग होडीत बसून जहाजावर जायचे कोणी? आपण, शेजाऱ्यांनी.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या गेला. दिवेलागणीला बंधू आणि आम्हीही प्रवेशाचे पैसे भरून होडीने जहाजावर चढलो. आई आणि दोघी जावा लॉजवरच थांबल्या. एकवीस वर्षांखालच्यांना खेळाच्या दालनात मज्जाव असल्याने कन्येचा प्रश्नच नव्हता. आत गालिचे, थंडगार हवा, ताटे भरभरून जेवण, आणि भिंतीवर कुठे घड्याळ दिसले नाही. आम्ही नोकरीमुळे घड्याळाचे गुलाम, आम्हांला हे पहिल्यांदा खटकले. वरच्या मजल्यावर पोकरची टेबले होती. तिथे मात्र एक मोठे घड्याळ होते, उलटे चालणारे. ते शून्यावर आले की सक्तीची बोली वाढते. म्हणजे नुसते गप्प बसूनही चालत नाही, बसल्या जागी चकत्या झिजत जातात.

आम्ही पोचलो त्याच सुमारास पुतण्या बाद झाला. त्याच्याकडे राजांची जोडी होती, समोरच्याकडे एक्का आणि दहा. दोघांनी होते नव्हते ते सगळे पुढे सारले. अशा वेळी राजांची जोडी साधारण दहापैकी सात वेळा जिंकते. चार पत्ते उघडले, राजे पुढे होते. पाचवा उघडला तो एक्का. या शेवटच्या पत्त्याला इंग्रजीत नदी म्हणतात. पुतण्या उठून आमच्याकडे आला. चेहरा पांढरा, पण डोळे चमकत होते. म्हणाला, “काका, मी बरोबर खेळलो. एका पत्त्याने गेलं.”

पुन्हा पैसे भरून पुन्हा बसता येत होते, आणखी अर्ध्या तासापर्यंत. त्याच्या खात्यात महिनाअखेरीचे 15,000 होते. 20,000 कमी पडत होते. बंधू आमच्याकडे पाहू लागले.

वाचकहो, आमच्या खात्यात त्या दिवशी 26,000 रुपये होते. आईच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेले. ते आम्ही दिले. मोबाईल काढला, आकडा टाकला, चार आकडी पिन दाबला. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट, पोराची राजांची जोडी होती, त्याच्यावर अन्याय झाला, ही भावना इतकी प्रबळ होती की आपण न्यायाच्या बाजूने उभे आहोत असेच वाटले. मटक्याविरुद्ध सभा घेणारे आम्ही रात्री साडेनऊ वाजता दोरीपलीकडे उभे राहून मुठी आवळत होतो, आणि दुसऱ्या कोणाचे तरी पोर बाद झाले की आमच्या तोंडून ‘सुटलो’ असा शब्द निघत होता. त्या पोराचाही कोणी काका तिथे उभा असेल, हे मनात आलेच नाही.

एकूण 200 प्रवेश झाले होते, पुन्हा बसलेले धरून. 28 जणांना बक्षीस. रात्री दीडच्या सुमारास पुतण्या चोविसावा बाद झाला. बक्षीस 60,000. टेबलावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. बंधूंनी त्याला मिठी मारली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर त्याच क्षणी ‘जिंकला’ असे गेले आणि मुंबईच्या चुलतभावांचे अंगठे येऊ लागले.

परतीच्या होडीत आम्ही सवयीने मागच्या पावतीवर आकडे मांडले. बक्षीस 60,000. त्यावर 30 टक्के कर कापला, 18,000. हाती 42,000. फी दोनदा मिळून 70,000. म्हणजे 28,000 ची तूट, आणि दोन माणसांचा जहाजप्रवेश वेगळा. शिवाय प्रत्येक 35,000 मधले 5,000 जहाजाचे आणि करांचे. 200 प्रवेशांचे 10 लाख पहिला पत्ता वाटण्याआधीच टेबलावरून उठलेले. उरलेले पैसे ज्यांचे त्यांच्यातच फिरले. कोणी काही पिकवले नाही, कोणी काही शिवले नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला आहे. म्हणजे या डावात सरकारही बसलेले असते, आणि ते कधी बाद होत नाही.

कागद पुतण्याला दाखवला. त्याने मान हलवली. हिशेब त्यालाही येतो, आमच्यापेक्षा चांगला. पण तो म्हणाला, “काका, शेवटी पण पत्ते फिरले हो. नाहीतर पहिल्या तिनात होतो.”

तेव्हा आम्हांला त्याच्या वहीतली खोट दिसली. जिंकले ते कौशल्याच्या खात्यावर जमा, हरले ते नशिबाच्या नावे. अशा वहीत माणूस कधी बुडीत निघतच नाही. आणि हा खेळ तशी सोय करूनही देतो, कारण त्यात बरोबर खेळूनही हरता येते. त्याचे राजे खरोखर पुढे होते. हीच तर पंचाईत आहे. मटका लावणाऱ्याला आम्ही निदान ‘तू अडाणी आहेस’ असे म्हणू शकत होतो.

मटक्याचे म्हणाल तर तो आमच्या घरात येऊन गेलेला पाहुणा आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत लागणारा सट्टा बंद पडला आणि 1962 साली कल्याणजी भगतने वरळीत, मग 1964 साली रतन खत्रीने आपला मटका सुरू केला. गिरणगाव त्याला लागून. आमचे वडील तिथल्याच एका गिरणीत, 1982 च्या संपापर्यंत. रत्नागिरीच्या खेड्यांतल्या चुली तेव्हा मनिऑर्डरवर पेटत. आई सांगते, पोस्टमन पाणंदीच्या तोंडाशी दिसला की ती अंगणात येऊन उभी राही. ज्या महिन्यात नसे त्या महिन्यात तो बिचारा लांबूनच मान हलवी, जवळ यायची त्याला लाज वाटे. पुढे वडील गणपतीत गावी आले की ती विचारी. वडील दारुडे नव्हते, भांडखोर नव्हते. खाली मान घालून एवढेच म्हणत, “एका आकड्याने गेलं.”

पहाटे अडीचला लॉजवर पोचलो. आई जागीच होती, खाटेवर बसून. तिने विचारले, “जिंकला काय?” बंधू म्हणाले, “जिंकला.” तिने आमच्याकडे तोंड वळवले. “मग तोंडं अशी का केलीत?” आम्ही काही बोललो नाही. पुतण्या तिच्या शेजारी जाऊन बसला आणि सगळा डाव तिला समजावून सांगू लागला, राजे, एक्का, नदी. ती ऐकत होती. तो ‘एका पत्त्याने’ या शब्दापर्यंत आला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर अलगद हात ठेवला. तो थांबला. का थांबवले ते त्याला कळले नाही, आणि आजोबांची ती गोष्ट त्या रात्री कोणी त्याला सांगितलीही नाही. आम्ही ती इथे लिहीत आहोत, तो हे साप्ताहिक वाचतो म्हणून.

त्याने आमचे 20,000 पगार झाल्याच्या दिवशी परत पाठवले, हे नोंदवले पाहिजे. शब्दाचा पक्का आहे. त्याच संदेशात पुढच्या स्पर्धेची तारीखही होती. त्याला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.

आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, दवाखान्यात अनामत भरून झाली. पुतण्या चार दिवस रजा काढून येतो म्हणतो. पट्टी सुटली की झब्बू खेळायचा असे आजी-नातवाचे ठरले आहे. आमच्या घरी झब्बूला चिंचोके लावतात. गेल्या मे महिन्यात आईने त्याचे सगळे चिंचोके जिंकून घेतले होते आणि ती ते अजून डब्यात ठेवून आहे.