फावल्या वेळची कारागिरी : मामांचे घर, फुटास चार मिलिमीटर

वाचकहो, ग्वाल्हेरच्या जयविलास महालात भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती लखलखीत आहे आणि महालाला तेच शोभते. परंतु घरी मांडलेल्या छोट्या आगगाडीच्या देखाव्यात रुळांकाठची घरेही तशीच कोरी असली, तर सारा देखावा खोटा वाटतो. खरे घर ऊन-पाऊस सोसून जुने झालेले असते. तसे घर पुठ्ठ्यातून कसे उभारावे, ते या वेळी पाहू.

या कलेत रॉय इंग्लंड यांचे नाव आदराने घेतले जाते. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेल्या या गृहस्थांनी तेथील खेड्यांतील गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत बदलताना पाहिली आणि ती लहान रूपात जतन करण्याचे व्रत घेतले. १९५४ साली स्थापन झालेल्या पेंडन संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. त्यांचे माप एका फुटास ४ मिलिमीटर. आपणही तेच घेऊ.

माझ्यापुढे नमुना होता मामांच्या घराचा. ग्वाल्हेर–श्योपूर मार्गावरील दोन फुटी रुळांची गाडी त्याच्या अंगणापुढून जाई. मार्च २०२० मध्ये ती थांबली. पुढे घरही पाडले गेले. उरले एक छायाचित्र. त्यात दाराशेजारी भिंतीला टेकून मामी उभ्या आहेत. मामींची उंची ५ फूट. छायाचित्रात त्या ४० मिलिमीटर भरतात, तर दार ४८. म्हणजे दार ६ फुटांचे, आणि नमुन्यात २४ मिलिमीटरचे. मामी भिंतीलगत होत्या म्हणूनच हे गणित जमले, हे ध्यानात ठेवावे.

भिंतींसाठी वहीच्या पाठीचा पुठ्ठा घ्यावा. दारे-खिडक्या आधी कापाव्यात, मग कोपऱ्यांना आतून काड्यांचा आधार देऊन भिंती जोडाव्यात. चुन्यासारखा पांढरा रंग एकाच बाजूस दिला तर पुठ्ठा वाकतो. म्हणून आतूनही एक हात द्यावा. कौलांसाठी जाड कागदावर दीड मिलिमीटर अंतराने दोरे चिकटवावेत आणि वर ओला पातळ कागद बसवून नखाने दाबावा. वाळल्यावर ४ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून त्या वळचणीपासून आढ्याकडे, एकीवर एक किंचित चढवीत लावाव्यात.

यापुढे खरे काम. माझा पहिला प्रयत्न फसला. सर्वत्र सारखाच तपकिरी रंग फासल्यामुळे घर जुने न दिसता मळके दिसू लागले. जुनेपणाला कारण असावे लागते. वळचणीचे पाणी उडते तेथे भिंतीच्या पायथ्याशी हिरवट ओल. स्वयंपाकघराच्या झरोक्यावर धुराची काजळी. हात लागून लागून काळवंडलेली दाराची चौकट. चुना पडला तेथे विटेचा तांबूसपणा. रंग पाण्यासारखा पातळ असावा, वरून खाली ओढावा आणि वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग कौलांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. प्रत्येक डागापूर्वी स्वतःस विचारावे : हा येथे का?

घर पुरे झाल्यावर मामांना दाखविले. ऐंशी पार केलेल्या मामांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि दाराशेजारी बोट ठेवले. "अरे, इथली दिवळी कुठे गेली?" मी छायाचित्र पुढे केले. त्यात दिवळी नव्हती. मामा म्हणाले, "दिसेल कशी? तुझी मामी तिच्यापुढेच उभी आहे. संध्याकाळच्या गाडीच्या वेळी रोज तीच तिथे दिवा लावायची."

त्या रात्री मी भिंतीत ३ मिलिमीटरची दिवळी कोरली आणि तिच्यावर काजळीची एक बारीक रेघ ओढली.

वाचकहो, आपले जुने घर अजून उभे असेल तर आजच टेप घेऊन त्याची मापे घ्या; आणि ज्यांनी त्या घरात दिवस काढले, त्यांना जवळ बसवून घ्या.